बेगमचा पान्हा

बोरी अरब
१४ जानेवारी २०२५

अनवरे,

हे पत्र तुह्या लेकाच्या, सादच्या, नाही त कहकशांच्या हाती पडलं, त त्यायनं उघडू नये. उघडलंच त दोन शिव्या माह्याकडून घ्याव्या अन् पुढं वाचू नये.

फोनवर काहून नाही लिहिलं म्हणशील. तुहा फोन तुही पोट्टी कहकशां उघडते. अन् मले त्या बारक्या अक्षरावर बोट टेकवता येत नाही, एक दाबावं त दुसरंच उमटते. आधी बरं होतं. फोन लावला की तू तिकडून ओरडे, मी इकडून ओरडो, काम भागे. आता नागपूरच्या डॉक्टरनं तुह्या गळ्यातली आवाजाची पेटीच काढून घेतली, त फोन लावून मी भांडू कोणासंग? म्हणून कागद. मी चौथी शिकली, तू सातवी. चुका काढत बसू नको.

गळ्याच्या भोकातून श्वास नीट येते का? त्याच्यावर फडकं बांधत जा, धूळ जाईल. सुपारी सोड म्हणून मी वीस वर्षं बोंबलली. ते जाऊ दे आता.

कामाचं सांगतो. साद आलता परवा. कागद घेऊन आलता, इंग्रजीतला, जाडजूड. म्हणे, काकू सही करा. पुण्याच्या एका कंपनीले आपला कोठा पाहिजे. म्हतलं, कोठा? म्हशी बांधतो तो, टिनाचा? तो हासला. म्हणे, मोबाईलमधला कोठा. आपण दोघी कोणती म्हैस कधी फळली, लस कधी टोचली, हे सारखं विसरत होतो म्हणून त्यानं बनवलं होतं ना, तेच. आता बाभुळगावापासून पुसदपर्यंत लोक वापरून राह्यले म्हणते.

मी इचारलं, विकून राह्यला का? म्हणे, नाही काकू, लायसन देऊन राह्यलो, मालकी आपलीच राहीन, वापराचा हक्क फक्त त्यायचा. म्हतलं, म्हणजे वावर मक्त्यानं देल्ल्यासारखं. तो म्हणे, हो, अगदी तसंच.

तसंच नाही ना पण! वावर मक्त्यानं देल्लं तरी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या बोरीची बोरं आपलेच लेकरं खातात, मक्तेदार काही म्हणत नाही. इथं त धुरा बी त्यायचाच. कागद झाला की जुना कोठा सगळ्याच्या मोबाईलातून बंद. आपल्या बी. अन् त्याच्यात तुहा आवाज आहे, 'चंद्रीले लस द्याची आहे वं, उठ' म्हणणारा, तो बी त्यायचा. त्या आवाजाचं ते मशीन बनवणार, अन् जे तू कधी बोलली नाही ते बी तुह्या आवाजात बोलवणार.

माही सही कायले पाहिजे, त सादनं तवा नोंदणी करताना हक्क तिघांच्या नावानं केला. त्याचं डोकं, तुहा आवाज, अन् म्हशीबद्दल जे जे सांगाचं ते माहं. तवा लई प्रेम आलतं पोट्ट्याले. आता एकीनं नाही म्हतलं की अडते.

मी नाही म्हतलं.

एक गोष्ट तुले माहीत नाही. दिवाळीत बेगमचं पारडू मेलं ना, तवापासून ती पान्हा चोरते. लोक म्हणतात पान्हा सुटाची सुई मारा. मी नाही मारत सुई. सादनं गंमत म्हणून ते एक बटन ठेवलं होतं, तू कोठ्यात 'ये बेगम, ये वं माय' करून लांबवून म्हणते ते. मोबाईल तिच्या कानापाशी धरतो, बटन दाबतो, तवा कुठं सोडते. दुसऱ्या कशानंच नाही.

ते बंद झालं त मी काय करू सांग.

भागीरथा


नागपूर
२५ जानेवारी

भागे,

तुहं पत्र वाचून हासली. हासताना आता आवाज होत नाही, नुसते खांदे हालतात. कहकशां धावत आली, तिले वाटलं श्वास अडकला.

बेगमले पारड्याचा गम लागला हे मले कोणी सांगितलं नाही. तिच्या पाठीवरून माह्याकडून हात फिरव. म्हशीचं नाव तू बेगम ठेवलं तवा सादचे अब्बू किती चिडलते, आठवते का? गॅरेजमधून पाना घेऊनच आले, म्हणे, घरात एक बेगम आहे तेवढी बस आहे.

कागदावर सही कर. साद एकटा आहे. सकाळपासून रातपर्यंत लोकांचे फोन, माह्या गाईचं दिसत नाही, माह्या वगारीचं नाव चुकलं. त्याच्या पाठीमागं कोणी नाही. कंपनीनं नाही घेतलं त तो उन्हाळ्यात सगळंच बंद करते म्हणून राह्यला. मग ना त्यायचं राहीन ना आपलं.

माही तब्येत ठीक आहे. दवाखान्याचं येणंजाणं चालू असते.

सही कर. माहं एवढं ऐक.

तुही
अनवरी


बोरी अरब
३ फेब्रुवारी

अनवरी,

हे पत्र तू लिहिलं का सादनं सांगितलं तसं उतरवलं? 'त्याच्या पाठीमागं कोणी नाही' हे त्याचंच बोलणं वाटते मले. लेकरू थकलं असंन, मी नाही म्हणत नाही. पण लेकरू थकलं म्हणून मायचा आवाज देऊन टाकाचा का?

तू इचार त केला का, ते तुह्या आवाजात काय काय बोलतीन? उद्या कोठ्याकोठ्यात तू सांगशील, अमक्याची सरकीची ढेप घ्या, तमक्याचं खाद्य घाला, दूध दुप्पट होते. लोक घेतीन. तू सांगतलं म्हणून घेतीन. परवा बसस्टँडवर बाभुळगावची एक बाई भेटली, वर्षा नावाची. म्हणे, तुमच्या अनवरीबाईनं मोबाईलमधून सांगितलं म्हणून मी गाईले बैल दाखवला, तिचं खोटं निघत नाही. तुले पायलं बी नाही तिनं अन् असा भरवसा. म्हैस गाभण नसली त तू कधी गाभण आहे म्हतलं नाही कोणाले, गिऱ्हाईक हातचं गेलं तरी. अन् आता मेल्यावर बी खोटं बोलत राहशील.

बरोबर आहे. तुह्या गळ्यात आता आवाजच नाही, त तुले त्याचं काय. जाईन तिकडं जाऊ दे. मले आहे ना त्याचं. मी रोज कानानं ऐकतो.

सही नाही.

भागीरथा


नागपूर
९ मार्च

भागे,

उत्तराले उशीर झाला. तपासणीसाठी काही दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. काही विशेष नाही.

'तुह्या गळ्यात आवाजच नाही, त तुले त्याचं काय.' हे वाक्य मी घडी घालून उशीखाली ठेवलं होतं. रोज काढून वाचलं. तुले वाईट वाटावं म्हणून नाही सांगत. तुह्या तोंडाले हाड नाही हे मले लहानपणापासून माहीत आहे. पण आता सांगतो, मले त्याचं काय ते.

कहकशांची अलफिया माह्या ऑपरेशननंतर झाली. पहिली नात. तिनं मले बोलताना ऐकलंच नाही. मी टाळी वाजवतो, चुटकी वाजवतो, ती माह्याकडं पाहते अन् हासते. पण रडायला लागली की टाळीनं गप होत नाही. एक दिवस कहकशांनं मोबाईलमधला आपला कोठा लावला, असाच, ती गप व्हावी म्हणून. 'ये बेगम, ये वं माय.' अलफिया एकदम गप झाली. डोळे मोठे करून पाहायला लागली. कोणाकडं, माहीत आहे? मोबाईलकडं. मी तिच्या समोर बसली होती, माह्या मांडीवर तिचे पाय होते. अन् ती त्या मोबाईलमधल्या बाईले शोधून राह्यली होती.

तिले कोण सांगीन की ती बाई मीच आहो?

मले तो आवाज चालू पाहिजे, भागे. सादसाठी नाही, म्हशीसाठी नाही. साद बंद करीन त तो जाईन. तो म्हणते, अम्मी, माह्या कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवीन. पेटीत ठेवलेलं कापड कोणी घालते का? आवाज बोलला पाहिजे. कोणाच्यातरी कोठ्यात रोज बोलला पाहिजे. ही पोरगी मोठी होईन, बोरीले येईन, कोणत्याही घराजवळून जाईन, अन् आतून मी कोणाच्या म्हशीले बोलवत असीन. एवढंच मांगतो.

मशीनचा आवाज खरा नाही राहणार म्हणतेस. मग एक काम कर. साद नवा आवाज पाठवीन, तो बेगमले ऐकव. तिले फसवता येत नाही. तिनं पान्हा सोडला त तो माहाच आवाज. नाही सोडला त मी पुन्हा सहीचं नाव काढणार नाही. कसम.

अनवरी


बोरी अरब
१७ मार्च

अनवरे,

तुले जे लिहिलं ते लिहिलं. फाडून टाक. उशीखाली ठेवू नको, मान आखडते.

घरच्या तुपाचा डब्बा पाठवला आहे, नागपूरच्या यष्टीतल्या लालसिंग कंडक्टरच्या हातानं. गिळता येत नसंन त अलफियाच्या डोक्याले लाव. पोट्टीची टाळू भरली का? कहकशांले म्हणा, मोबाईल तिच्या कानाले लई चिटकवू नको.

माह्या दोन गोष्टी आहेत. त्या सादले सांग, नाही त मी सांगतो.

एक, तुह्या आवाजात कोणाची ढेप, खाद्य, औषध, काहीच विकाचं नाही. लस, रेतन, वेताची तारीख, दूध, जनावराचं जे काम आहे तेवढंच बोलाचं. हे कागदात लिहून पाहिजे. तोंडी नाही.

दुसरी, बेगम. तू म्हतलं तसंच. बेगमनं पान्हा सोडला त सही. नाही त नाही. म्हैस सांगीन ते मले बी मान्य अन् तुले बी.

आमच्या घरचे रामराव म्हणतात, कंपनीचा फैसला म्हैस करून राह्यली हे पहिल्यांदाच पायलं. त्यायले म्हतलं, तुमच्यापेक्षा बरी करते.

दवाखान्यात किती दिवस ठेवलं? 'काही दिवस' म्हणजे मले समजत नाही.

भागीरथा


नागपूर
२९ मार्च

आदरणीय भागीरथाकाकू,

तुम्ही कागदावरच लिहून मागता म्हणून लिहितो आहे.

तुमची पहिली अट कंपनीनं मान्य केली. आधी तयार नव्हते. मी सांगितलं की काकूंची सही याशिवाय मिळणार नाही, आणि काकूंना मी लहानपणापासून ओळखतो. आता करारात कलम घातलं आहे की अम्मीचा आवाज फक्त जनावरांच्या नोंदी आणि सूचना यांसाठी वापरता येईल, कुठलाही माल खपवण्यासाठी नाही. मोडलं तर करार रद्द. त्या कलमाचं मराठी करून सोबत जोडलं आहे.

जुना कोठा चालू ठेवायची विनंती मात्र त्यांनी मानली नाही. एकच कोठा राहील, त्यांचा. १ जुलैपासून आपला बंद होईल.

नव्या आवाजाचा नमुना तुमच्या मोबाईलवर पाठवला आहे. वर हिरवी खूण आहे ती दाबा. बेगमला ऐकवा आणि काय झालं ते अम्मीला पत्रानंच कळवा. ती तुमच्या पत्राची वाट पाहते. पोस्टमन आला की दारापर्यंत उठून जाते. डॉक्टरांनी उठायला मनाई केली आहे, तरी.

तुमचा
साद


बोरी अरब
४ एप्रिल

अनवरे,

घे. जिंकली तू.

काल सकाळी बेगमपाशी मोबाईल धरला. नवा आवाज लावला. साफ आहे एकदम, काचेसारखा. 'ये बेगम, ये वं माय.' बेगमनं कान हलवले. मान वळवली. मी म्हतलं, आता लाथ मारते का काय. नाही मारली. उभी राह्यली गुमान, रवंथ केलं, अन् सोडला पान्हा. असा सोडला का बकेट भरून फेस बाहेर आला. रामरावले हाक मारली दुधासाठी दुसरा गंज आणाले.

म्हणजे तो तुहाच आवाज. म्हशीनं सांगतलं. मी हरली.

सही करून टाकली. दोन ठिकाणी करा लागते, अन् प्रत्येक पानावर छोटी. माही सही म्हणजे कोंबडी चालली कागदावरून. पण केली.

आता तू पडून राह्य. दारापर्यंत उठून जाऊ नको, पोस्टमन काही पळून नाही जात.

अलफियाले गोडगोड पापी.

भागीरथा


बोरी अरब
४ एप्रिल

साद,

तुह्या मायचं पत्र वेगळ्या पाकिटात टाकलं आहे. हे तुह्या कामाच्या पत्त्यावर. तूच वाच अन् फाड.

बेगमनं पान्हा नाही सोडला.

चार दिवस ऐकवला. पहिल्या दिवशी आवाज ऐकून तिनं मान वळवली, ते खरं. पण माह्याकडं नाही, दाराकडं. तुही माय तिथून येते ना, तिकडं. वाट पायली तिनं. मंग कोणी नाही आलं. मी आचळाले हात लावला त लाथ घातली, बकेट उकिरड्यावर गेली. दुसऱ्या दिवशी मान बी नाही वळवली. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, तसंच. जुनं बटन दाबलं का लगेच सोडते. नवं लावलं का दगड.

तुमचं मशीन म्हशीले पटलं नाही. शर्तीप्रमाणं मी सही कराले नको होती. तरी केली. कायले केली ते इचारू नको. तू म्हतलं ना, डॉक्टरनं मनाई केली तरी उठते. तुही माय मले खरं सांगत नाही. 'काही विशेष नाही' म्हणते. ते विशेष किती आहे ते तुह्या पत्रावरून समजलं मले.

१ जुलैनंतर बेगमचं काय कराचं ते मी पाहीन. आटवून टाकीन. तिची काळजी तुह्या डोक्यावर नाही.

मायले सांगशील त तंगडी तोडतो.

काकू


नागपूर
१६ एप्रिल

भागे,

जास्त लिहिता येत नाही. 

बेगमनं मले ओळखलं! मी म्हणत होती ना. तुही चिठ्ठी कहकशांकडून दोनदा वाचून घेतली, फेसाचं वाक्य तीनदा. अलफिया मांडीवर होती. ती बी हासली.

आता कोणाची काही भीती नाही मले. तुह्या शिव्यांची सवय होती, तेवढी कमी पडून राह्यली. एखादं पत्र नुसतं शिव्यांचं पाठव.

अनवरी


नागपूर
१२ जून

काकू,

अम्मी जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसावा पार पडला. तुम्ही त्या दिवशी आमच्या घरी सगळ्यांचा स्वयंपाक सांभाळला, आणि मी तुमच्याशी धड बोललो नाही. तुम्हाला वाटलं असेल दुःखामुळे. ते होतंच. पण अजून एक गोष्ट होती. तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही म्हणून लिहितो.

मार्चमध्ये तुम्हाला जो नमुना पाठवला तो कंपनीचा आवाज नव्हता. त्यांचं मशीन तेव्हा तयारच नव्हतं. तो अम्मीचाच आवाज होता. जुन्या बटनावरचाच, तोच, तेव्हा कोठ्यात भरून घेतलेला. अम्मीनं मला पाटीवर लिहून सांगितलं होतं, 'माझाच पाठव, थोडा साफ करून, म्हणजे भागी ओळखणार नाही आणि बेगम ओळखेल.' तिला सही हवी होती आणि तुमच्याशी भांडायची ताकद उरली नव्हती. मी फक्त मागचा गोंगाट काढला, बादल्यांचा, साखळ्यांचा, लोकांचा. बाकी एका शब्दाला हात लावला नाही.

म्हणून तुमची चिठ्ठी वाचून मी गोंधळलो. बेगमनं लाथ मारली, ती मशीनला नाही, अम्मीच्या खऱ्या आवाजाला मारली. हे मी तिला कसं सांगणार होतो? आणि तुम्हाला तरी कसं? तिनं तुम्हाला फसवलं, तुम्ही तिला फसवलं, आणि मी मधे दोघींची पाकिटं घेऊन उभा होतो.

ती तुमचं पत्र छातीवर ठेवून गेली. फेसाचं वाक्य तिला पाठ झालं होतं.

मला माफ करा. तुमचा हक्क होता खरं कळण्याचा, सहीच्या आधी.

साद


बोरी अरब
६ जुलै

साद,

तुहं पत्र भिंतीतल्या देवळीत ठेवून देल्लं होतं. राग आलता. तुह्यावर नाही, तुह्या मायवर. जाता जाता मले बनवून गेली, अन् मी समजो मीच तिले बनवलं. पण तिच्यावर रागावून काय उपयोग, ती कबरस्तानात पडली आहे. म्हणून मंग बेगमवर रागावली. म्हतलं, खरी अनवरी बोलवून राह्यली होती अन् तू लाथ घातली? मंग एवढे दिवस कोणासाठी पान्हा सोडे? एक दिवस तिची ढेप बंद केली. मंग टाकली. जनावर आहे, त्याले काय समजाव.

जुना कोठा बंद व्हाच्या आदल्या दिवशी मी दुपारी बेगमपाशी जाऊन बसली अन् ते बटन दाबत राह्यली. तसं रोज ऐकतो. पण दूध काढताना माणसाचं ध्यान आचळाकडं राहते, आवाजाकडं नाही. त्या दिवशी हात रिकामे होते म्हणून ऐकलं.

तुही माय म्हणते, 'ये बेगम, ये वं माय.' साखळी वाजते. बकेट पडते. अन् मांगून कोणीतरी बाई खेकसते, 'लवकर कर वं सटवे, हात दुखून राह्यले माहे.' मले वाटलं, ही झगडाखोर कोण घुसली कोठ्यात? मंग समजलं. मीच. अन् त्याच्यावर तुही माय हासते. थोडंसंच. बेगम पाय हलवते अन् तिथंच आवाज तुटते.

मंग तू पाठवलेला नमुना लावला. त्याच्यात साखळी नाही. बकेट नाही. मी नाही. ते हासणं बी नाही, माह्याच खेकसण्यावर होतं त माह्यासंगच गेलं.

तू म्हतलं ना, लोकांचा गोंगाट काढला. तुहं बी चुकलं नाही, कोणाले बी तो गोंगाटच वाटीन. पण बेगम लहान वगार होती तवापासून तिनं आम्हा दोघींले असंच ऐकलं. एक बोलावते, दुसरी शिव्या देते. तिनं एकट्या अनवरीले कधी ऐकलंच नव्हतं. एकटी अनवरी म्हणजे तिच्यासाठी परकी बाई. तिनं लाथ मारली ती तुह्या मायले नाही मारली. हे तुह्या डोक्यातून काढून टाक, रातभर जागत असशील.

दुसऱ्या दिवशी नवा कोठा आपोआप आला मोबाईलात. उघडला त आवाज तुह्या मायचा. हुबेहूब. माह्या आंगावर काटा आला. म्हणे, 'नमस्कार भागीरथाताई, बेगमच्या दुधाची वेळ झाली आहे.'

ताई!

जन्मात मले ताई म्हतलं नाही तिनं. भागे म्हणे, भागीरथे म्हणे, चिडली त नावच घेत नव्हती. मले असा संताप आला. मोबाईल बेगमच्या कानापाशी होता, तो म्हणून राह्यला होता, 'ये बेगम, ये वं माय', अन् बेगम दगडासारखी उभी. मी ओरडली, 'ताई कोणाले म्हणते वं? मले सोडून गेली अन् आता ताई म्हणते? लवकर कर वं सटवे, हात दुखून राह्यले माहे!'

बेगमनं कान टवकारले. मागचा पाय थोडा फाकवला. मी आचळाले हात लावला त ते भरून आलतं.

मी दूध काढत गेली अन् शिव्या देत गेली. सुपारी खाल्ली त्याच्या देल्ल्या. काही विशेष नाही लिहिलं त्याच्या देल्ल्या. नुसत्या शिव्यांचं पत्र पाठव म्हतलं होतं तिनं, ते माह्याच्यानं झालं नव्हतं, त्याच्या बी देल्ल्या, पण त्या मलेच. रामराव धावत आले. म्हणे, कोणासंग भांडून राह्यली? म्हतलं, अनवरीसंग. त्यायनं माह्या हातातली बकेट धरली, अन् मी तिथंच खुट्यापाशी बसून घेतलं.

आता रोज तसंच करतो. मोबाईल बोलावते, मी मांगून भांडतो. बेगम सोडते.

पुण्याच्या त्यायले हे सांगू नको. सांगशील त ते माहा आवाज बी मांगतीन, कागद घेऊन येतीन. तुह्या मायचा त्यायच्यापाशी मक्त्यानं आहे, तो राहू दे, तिची इच्छा होती. माहा नाही द्याचा. माहं भांडण म्हणजे आपल्या धुऱ्यावरची बोर आहे, तिची बोरं अलफियाची.

कहकशांले म्हणा, दिवाळीत पोट्टीले घेऊन इकडं ये. कोठ्यात बसवीन तिले. मोबाईल लावू, मी मांगून खेकसीन, बेगम दूध देईन, अन् तिले सांगीन, तुही नानी अशी होती. मधात ती हासे तेवढी जागा रिकामी राहीन. ती मले भरता येत नाही.

तुही काकू
भागीरथा